घड्याळवाल्या काकांचा प्रवेश

नाट्यगृहामागची खोली,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (ही खोली एवढीशी आहे की खरोखर साष्टांग घातला तर पाय बाहेरच्या बोळात जातील आणि कुणीतरी अडखळून पडेल. म्हणून नमस्कार कागदावरच घालतो आहे, पण आहे मनापासून.) तुझा खडूच्या धुळीचा खोकला कसा आहे? फळ्याजवळ तोंड नेऊन लिहू नकोस असं तुला दहादा सांगितलं, पण गणित शिकवणाऱ्या माणसाला कोण शिकवणार! बाबांचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना अजून प्रत्येक पायरीला खात्यातल्या साहेबांचं नाव घेतात का? मी ठीक आहे. दोन्ही वेळा जेवतो, अंघोळ करतो, दाढी वाढवली होती ती काढली. (का काढली ते पुढे येईल. ते प्रकरण दुःखाचं आहे.)

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. शाळेत वाचू नकोस. बाबा घरात असताना तर मुळीच वाचू नकोस, कारण तुझ्या चेहऱ्यावर सगळं उमटतं आणि बाबा चष्मा न लावताही ते वाचतात. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू 'हं, बोल' म्हणालीस की मी खोटं बोलायला लागतो. ही सवय लहानपणापासूनची आहे. कागद मात्र 'हं, बोल' म्हणत नाही, नुसता पडून राहतो, आणि मग आपल्यालाच लाज वाटते.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की कॉलेज सोडण्याचं खरं कारण काय. मी तेव्हा दीड पान भरून लिहिलं होतं की शिक्षणपद्धती सडलेली आहे, वगैरे. ती सडलेली असेलही, पण माझं आणि तिचं भांडण झालेलं नाही. भांडण झालं ते प्राचार्यांशी. हजेरी कमी पडली म्हणून त्यांनी बोलावलं, "पालकांना घेऊन या," म्हणाले, आणि माझं डोकं फिरलं. एकविसाव्या वर्षी पालक! मी ओळखपत्र त्यांच्यासमोर टराटरा फाडलं. (प्लास्टिकचं होतं. फाटेना. दातांनी प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे कात्री पुढे केली.) खोलीबाहेर पडलो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच पश्चात्ताप झाला होता. पण उतरायला सुरुवात केली होती, आणि परत वर चढणं आपल्या घराण्यात कुणाच्या पायांना जमलेलं नाही. असो. त्याआधीच महिनाभर मी संध्याकाळी नाटकाच्या तालमींना जाऊन बसत होतो. तिथे का जात होतो, ते तू आत्तापर्यंत ओळखलंच असशील. हो, तेच.

तिचं नाव लिहीत नाही. माझं अक्षर मुळातच वाईट आहे, त्यात ते बघवणार नाही. ती आमच्या नाटकाची नायिका, एवढं पुरे. वय बावीस, पण रंगमंचावर पंधरा. नाटक आहे लहान गावातल्या वयात येणाऱ्या पोरापोरींचं, आणि आहे सगळंच्या सगळं पद्यात. आठ-आठ अक्षरांच्या ओळी, दोन ओळींचं यमक, अडीच तास! ज्यांनी ते लिहिलं आणि बसवलं त्यांना सगळे कप्तान म्हणतात. कप्तानांचा एकच कायदा: रंगमंचावर गद्य बोलायचं नाही. ओळ विसरलात तर गप्प राहा, खोका, पाणी प्या, मरून पडा, पण तोंडातून गद्य काढलंत तर दुसऱ्या दिवशी येऊ नका. त्यामुळे आमचे नट जेवतानासुद्धा 'मीठ जरा इकडे द्या' (आठ अक्षरं, मोजून बघ) असंच मागतात. सवय जात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. (आलो असं वाटतंय, पण अजून आलो नाही. धीर धर.) तालमींच्या त्या महिन्यात नाटकाचा दुसरा अंक लंगडा होता. त्यात पोरं धरणावर बसून सिगारेट ओढायची आणि पोरगी खिडकीतून बाहेर बघायची. नायिका एक दिवस चिडली. "या अख्ख्या नाटकात मी खिडकीत उभी राहण्यापलीकडे काही करते का? गावातल्या मुली काय पडदे असतात?" असं म्हणून तिने वही आपटली. चहा आला होता. सगळे कपात बघत होते. आणि ताई, तुझ्या भावाला, ज्याच्याकडे महिनाभरात तिने एकदाही पाहिलं नव्हतं, त्याला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला एक मुलगी माहीत आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी सांगितलं, ताई. सगळं सांगितलं. पंधरा वर्षांची मुलगी, गणितात शंभरापैकी नऊ. वर्गाच्या बाईंनी पालकांना बोलावलेलं. वडील पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारे, 'आमच्या घरात गणित रक्तात आहे' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणारे. आणि मग ती मुलगी गजराचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन पुलाजवळच्या घड्याळवाल्याकडे जाते आणि म्हणते, तुम्ही अर्धा तास माझे काका व्हाल का? आणि तो माणूस डोळ्यावरचं भिंगही न काढता विचारतो, "चुलत की सख्खा?" मग तो दुकान बंद करतो, कोट घालतो, शाळेत जातो, आणि काकाच्या भूमिकेत इतका शिरतो की बाईंच्या आधी तोच तिला रागावतो. पुढची दोन वर्षं तो दर सहामाहीला कोट घालून शाळेत हजर. शाळा सुटल्यावर ती त्याच्या दुकानात (घरी सांगितलेलं, वाचनालय), आणि चौथी शिकलेला तो माणूस तिला चाकांचे दाते मोजायला लावून अपूर्णांक शिकवतो: साठ दात्यांचं चाक, आठ दात्यांचं चाक, हे एकदा फिरलं तर ते किती वेळा? आणि घरी वडिलांना असं सांगितलेलं की हल्ली प्रगतिपुस्तक शाळाच ठेवून घेते.

मी हेही सांगितलं की ती मुलगी आता त्याच शाळेत गणित शिकवते. हेही सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तो घड्याळवाला गेला, तेव्हा ती त्याला पोचवायला जाऊन आली आणि घरी म्हणाली की डोळे आलेत, आणि वडिलांनी आठ दिवस औषध घालायला लावलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. ते थेंब तुझ्या डोळ्यात घालायचं काम माझ्याकडे होतं, आणि तिसऱ्या दिवशी उशीवर डोकं टेकवून, वर छताकडे बघत, तू मला हे सगळं सांगितलंस. मी विचारलं होतं, बाबांना का नाही सांगत? तू म्हणालीस, "गणित मला त्यांच्याकडून आलं असं त्यांना वाटतं. ते त्यांच्याकडून काढून कसं घेऊ? कुणाला सांगू नकोस हं, भडकू." मी म्हणालो, वेडी का काय तू! बाटलीवर हात ठेवून शपथसुद्धा घेतली होती.

चहा निवून गेला होता. नायिका वीस मिनिटं माझ्याकडे टक लावून बघत होती. वीस मिनिटं! त्या वीस मिनिटांसाठी, ताई, मी तुझी दोन वर्षं विकली. दोन दिवसांत कप्तानांनी अख्खा दुसरा अंक नव्याने लिहून आणला आणि मला मंडळीत घेतलं. काम, प्रॉम्प्टरचं. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि कुणी अडलं की हळूच ओळ पुरवायची. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याच्या कानात घालण्याची माझी पात्रता त्यांनी बरोबर हेरली होती.

मला तेव्हा वाटलं, लांबच्या गावांत तर प्रयोग आहेत, कुणाला काय कळणार. दौरा सुरू झाला. तिसऱ्या गावी आमच्या टेम्पोतून नेपथ्यातल्या घराची खिडकी आली पण घर आलं नाही, तेव्हा नायिका नुसत्या हवेत उभ्या खिडकीतून बघत होती आणि धरणावरची पोरं सरळ तिच्या घरातून चालत जात होती. प्रेक्षकांना ते फार आवडलं. (दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की भिंतींचा अभाव सूचक आहे. कप्तान तेव्हापासून घर न्यायलाच तयार नाहीत.) पण दुसरा अंक सुरू झाला की सगळीकडे एकच व्हायचं. सभागृह चिडीचूप. घड्याळवाल्याचं काम नाना करायचे. साठी उलटलेले, आवाज भरदार, पाठांतर शून्य. नानांचं सगळं नाटक माझ्या तोंडातून त्यांच्या कानात जायचं आणि तिथून सोनं होऊन बाहेर पडायचं. शेवटच्या रांगेतली माणसं रुमाल काढायची. मीही विंगेत वही ओली करायचो, आणि मग आठवायचं की हे कुणाचं आहे.

सहाव्या गावी बाबांचं पत्र आलं. सात महिन्यांतलं पहिलं. (मी त्यांना थाप मारली होती की नाटकात माझी महत्त्वाची भूमिका आहे. विंगेत उभं राहतो असं कसं लिहू?) चारच ओळी होत्या. तुमचं नाटक आपल्या गावी रविवारी लागतंय. पहिल्या रांगेच्या तीन खुर्च्या घेतल्या आहेत. एक मला, एक ताईला, एक तिच्या जुन्या वर्गाच्या बाईंना, त्या परवा भेटल्या होत्या, फार आठवण काढत होत्या. तुझं काम बघायचं आहे.

ताई, मी ते पत्र टेम्पोच्या टपावर बसून वाचलं आणि तिथेच आडवा झालो. बाबा, तू आणि त्या बाई! तिघं एका रांगेत, आणि समोर घड्याळवाला म्हणणार, 'मीच हिचा काका, बाई.' त्या बाई बाबांकडे वळणार. बाबा तुझ्याकडे वळणार. यापुढचं मला दिसेना. कप्तानांना आडून विचारलं की दुसरा अंक थोडा छाटला तर? ते म्हणाले, "तो नाटकाचा कणा आहे. तुझा काढून बघ." खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं असतं तर नायिकेला कळलं असतं की ही 'एक मुलगी' म्हणजे माझी सख्खी बहीण. मग मी ठरवलं की परस्परच काटा काढायचा. ओळ बदलायची मी आणि बोलायची नानांनी. नाना तर मी देईन ते बोलतात!

आठ अक्षरांच्या ओळीत आठ अक्षरं भरणं काही अवघड नाही. सातव्या गावी दुपारचा प्रयोग होता. म्हटलं, रविवारची रंगीत तालीम इथेच करू. 'घड्याळांचा धंदा माझा' याच्याऐवजी नानांना दिलं, 'छत्र्यांचा हा धंदा माझा'. नाना छातीवर हात ठेवून म्हणाले. त्यांच्या डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग होतं आणि मागे दोरीला टांगलेली अकरा घड्याळं टिकटिकत होती, पण त्यांच्या आवाजात असा विश्वास होता की पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान डोलावली. पुढे 'गणितात नऊ गुण' याचं मी 'भूगोलात नऊ गुण' करून टाकलं. इथवर माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटत होतं. पण नायिकेचं पाठांतर पक्कं. तिला प्रॉम्प्टर लागत नाही. (कुणीच लागत नाही.) ती आपली ठरल्याप्रमाणे रडत रडत म्हणाली, 'त्रिकोणाच्या तीन बाजू'. भूगोलात नापास झालेली मुलगी त्रिकोणाला शिव्या देत होती आणि छत्रीवाला तिला दाते मोजून दाखवत होता. सभागृहात कुठेतरी एकजण हसला.

खरं अरिष्ट त्यानंतर आलं. नानांची ओळ अशी: 'पुलापाशी माझे घर'. त्यावर बाई म्हणतात: 'बसा, बसा खुर्चीवर'. मग नाना बसतात आणि उरलेला सगळा प्रवेश बसून होतो. पूल म्हटला की आपल्या गावात प्रत्येकाला कळलं असतं, म्हणून मी दिलं, 'टेकडीशी माझी खोली'. नाना बोलले. आणि बाई गप्प! 'घर' आल्याशिवाय 'खुर्चीवर' कुठून येणार? यमकच लागेना. बाईंचं काम करतात त्या एरवी दातांच्या डॉक्टर आहेत. समोरच्याला खुर्चीत बसवणं हा त्यांचा दिवसभराचा धंदा. पण नुसतं 'बसा' म्हटलं तर ते गद्य होतं, आणि विंगेत समोर कप्तान उभे. त्या तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. नाना उभे. त्यांना वाटलं ओळ ऐकू गेली नाही. पुन्हा म्हणाले, 'टेकडीशी माझी खोली', जरा मोठ्याने. मग कान माझ्याकडे केला. मी घाबरून तीच ओळ पुन्हा दिली. ताई, त्यांनी ती पाच वेळा म्हटली. दरवेळी नव्या भावनेने: आधी माहिती, मग विनंती, मग दुःख, मग संताप, आणि पाचव्यांदा अशी काही व्यथा की जणू त्या खोलीतून त्यांना आत्ताच हाकललंय. त्यांचे गुडघे बाबांपेक्षा वाईट आहेत. पाय थरथरताना मला विंगेतून दिसत होते. सभागृह खदखदायला लागलं.

शेवटी नायिका पुढे झाली, नानांचा दंड धरला आणि तिथल्या तिथे रचून म्हणाली, 'काका माझे थकलेले. बसू द्या ना, वाकलेले!' आठ नि आठ. टाळ्यांचा कडकडाट. नाना बसले. बसले ते प्रयोग संपेपर्यंत उठले नाहीत, नमस्काराच्या वेळीसुद्धा.

प्रयोगानंतर ती सरळ माझ्याकडे आली. रंग पुसलेला नव्हता, अर्धा चेहरा पंधराचा, अर्धा बावीसचा. तिने वही मागितली. खाडाखोड पाहिली. मग मी सगळं सांगून टाकलं: बहीण, बाबा, रविवार. मला वाटलं होतं तिला दया येईल. ती पायरीवर बसली.

"म्हणजे तू ऐकलेली गोष्ट सांगत नव्हतास," ती म्हणाली. "बहिणीचं गुपित सांगत होतास."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच सांगितली. (हात दाखवून अवलक्षण.)

"तेच तर. उद्या माझं काही कळलं, तर ते तू कुणासाठी सांगशील?"

याचं उत्तर, ताई, सातव्या गावापासून इथपर्यंत शोधतोय.

नानांकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आजवर 'अरे पोरा' म्हणणारे नाना. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि मला म्हणाले, "या. बसा तुम्ही." ताई, शिवी परवडली असती. मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर त्यांनी पायच मागे घेतले. म्हणाले, "माझी स्मरणशक्ती गेली तेव्हा मला भीती नाही वाटली. म्हटलं, पोराचा आवाज आहे. तुमच्यावर कान टाकून उभा होतो मी. आता तिथे उभं राहिलो तर ओळ आली तरी खरी वाटायची नाही." त्याच दुपारच्या गाडीने ते घरी गेले. बॅग उचलायला गेलो तर देईनात.

मग त्यांचं काम कोण करणार? सगळ्या ओळी पाठ असलेला माणूस एकच. कप्तानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं घरात आग लागल्यावर माणूस गटाराच्या पाण्याकडे बघतो. दाढी काढली ती म्हणून. डोळ्याला भिंग लावलं, केसांना पांढरं फासलं, कोट चढवला, आणि आठव्या गावी मी घड्याळवाला झालो. आता यातला विनोद बघ. जिच्यासाठी हे सगळं केलं, ती रोज चारशे माणसांसमोर माझा हात धरून मला 'काका' म्हणते. आणि रंगमंचावरून उतरली की तेही म्हणत नाही.

पण ताई, काम चांगलं होतं. हे मी म्हणत नाही, दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. मला अभिनय येत नाही. मी फक्त तू सांगितलंस तसं करतो. तुझी गुणपत्रिका घड्याळवाल्या काकांनी भिंगाखाली धरून पाहिली होती, नऊ हा आकडा बिघडलेल्या चाकासारखा, आणि म्हणाले होते, फार काही झालेलं नाही, एक दाता अडकलाय. हे मी करतो तेव्हा समोर कुणी खोकतसुद्धा नाही. त्या क्षणी मला वाटतं, मी कधी न भेटलेला हा माणूस मला थोडा ओळखता येतो. आणि लगेच वाटतं, हे माझ्याकडे चोरीचं आहे.

तर अशी हकीकत. माफी मागण्यासाठी पत्र लिहायला घेतलं आणि पाच पानं झाली, तरी ती मागितली का ते आठवत नाही. मागतो. माफ कर. मला माफ करणं तुला लहानपणापासून सोपं गेलंय, या वेळी सोपं करू नकोस. खोकल्याला गरम पाणी घे. बाबांना नमस्कार सांग, म्हणजे पत्र आलंय हे न सांगता सांग.

तुझा,
भडकू

ता. क. खरं सांगायचं तर पत्र याच्यासाठी लिहिलं: रविवारी प्रयोग जसाच्या तसा होऊ दे, असं तू लिहून पाठव. बाबांना आधी तूच सांगून टाक, हसत हसत, जुनी गंमत म्हणून, म्हणजे धक्का बसणार नाही. बाबांनी मला एकदा तरी काहीतरी नीट करताना बघावं, एवढंच. आजवर त्यांनी मला फक्त सोडताना पाहिलंय. एका शब्दाचं काम आहे. 'हो' एवढंच लिही.

ता. क. (बुधवार) कालचा ता. क. वाचू नकोस. वाचलास तर विसर. पाकीट घेऊन टपालाच्या पेटीपाशी गेलो होतो. टाकणार तेवढ्यात वाटलं, मी पुन्हा तेच करतोय. तुझं गुपित घ्यायचं, त्यावर माझं काम साधायचं, आणि बाबांचा चेहरा सांभाळायला मात्र तुला बसवायचं. पाकीट तसंच घेऊन परत आलो आणि कप्तानांच्या दारावर थाप मारली. खरं कारण सांगितलं आणि म्हणालो, रविवारी तो प्रवेश होणार नाही. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, बाह्यासुद्धा सरसावल्या होत्या. कप्तान दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "बरं झालं. तिथला हॉल नऊला रिकामा करायचाय. पंचवीस मिनिटं कुठून काढू या विवंचनेत होतो." बस, एवढंच! ज्याच्यासाठी मी तुझा विश्वास, नानांचा कान आणि तिची वीस मिनिटं घालवली, तो नाटकाचा कणा एका चुळीत निघाला. दुसऱ्या अंकात ती आता परत खिडकीत उभी राहणार आहे. हे तिला मीच जाऊन सांगितलं. कारणही सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. आवाजात राग नव्हता, एवढीच प्रगती. पुढच्या गावांतही तो प्रवेश करायचा की नाही, ते तू सांगशील तसं. नानांना पत्र टाकलंय, पण ते येतील असं वाटत नाही.

ता. क. (शेवटचा) तेव्हा रविवारी बाबांना आणि बाईंना घेऊन निर्धास्त ये. एकच अडचण आहे. त्या प्रवेशाबाहेर मला नाटकात काम नाही. बाबा पहिल्या रांगेत बसून मी कधी येतो ते बघत राहतील. मध्यंतरात विचारतील, हा कुठाय? आजारी आहे म्हणून सांग. किंवा आधीपासून पडद्यामागेच असतो, थाप मारली होती, असं सांग, त्यांना पटेल. किंवा तुला वाटलंच, तर खरं काय ते सांग. जे सांगशील ते मला चालेल. मी उजव्या विंगेत वही घेऊन उभा असेन. तिथून पहिल्या रांगेतले चेहरे स्पष्ट दिसतात.